यंत्रांची बोली आणि इंजिनिअरांचा मेळावा

पुण्याच्या एखाद्या घरांतील आई बॉस्टनला गेलेल्या मुलाशीं दूरध्वनीच्या पडद्यावर बोलते, तेव्हां तिचा दूरध्वनी एका कंपनीचा, घरांतील जोडणीचें यंत्र दुसरीचें, समुद्रतळाची तार तिसरीची आणि मुलाच्या टेबलावरील संगणक चवथीचा असा प्रकार असतो. तरीहि शब्दाला शब्द मिळतो. ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तींत नवल करण्यासारखें कांहीं आहे हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. परंतु सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं स्थिति अगदीं निराळी होती. एका कारखान्याचे संगणक दुसऱ्या कारखान्याच्या संगणकांशीं सहसा बोलत नसत; आणि त्यांनीं न बोलण्यांतच कित्येक कारखानदारांना आपला फायदा दिसत असे. गिऱ्हाईक एकदां दावणीला बांधलें गेलें म्हणजे तें दुसऱ्या दुकानीं जाणार कसें ?

या यंत्रांना सामाईक बोली शिकविण्याची खटपट अमेरिकेंतील संशोधकांनीं चालविली होती. व्हिंट सर्फ व रॉबर्ट कान यांनीं १९७४ सालीं तिचा पाया घालणारा निबंध प्रसिद्ध केला. आणि १ जानेवारी १९८३ रोजीं, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या खर्चानें उभारलेल्या आर्पानेट नांवाच्या जाळ्यानें तीच बोली पत्करली. टीसीपी/आयपी हें तिचें नांव. तिचें व्याकरण गुप्त नव्हतें. नियमांचे कागद कोणालाहि वाचावयास मोकळे होते. मग अडलें कोठें ? अडलें तें अर्थ लावण्यांत. पुरणपोळीची एकच लेखी कृति दहा घरीं दिली तर दहा चवींच्या पोळ्या होतात, तशांतला हा प्रकार.

एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. जाळ्यावरील सर्व यंत्रांना एकदम निरोप द्यावयाचा, म्हणजे जणूं दवंडीच पिटावयाची, तर पत्त्याच्या ठराविक भागांत सर्वत्र एकचा अंक भरावा असा नियम होता. परंतु बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत तयार झालेल्या आणि १९८३ पासून सर्वत्र पसरलेल्या युनिक्सच्या एका आवृत्तींत त्या जागीं शून्यें भरलीं जात. शून्यवाल्या यंत्राच्या कानीं एकची दवंडी पडली कीं, ती दवंडी आहे हेंच त्याला उमगत नसे. कोणा परक्या गृहस्थाचा निरोप चुकून आपल्याकडे आला, अशा समजुतीनें तें यंत्र तो पुढें पोंचविण्याच्या परोपकारास लागे, आणि ‘अमुक गृहस्थ कोठें राहतात ?’ असें साऱ्या आळीला विचारीत सुटे. त्याच जातीचीं पन्नास यंत्रें एकाच क्षणीं तोच प्रश्न विचारूं लागलीं म्हणजे सारें जाळें त्या कोलाहलानें भरून जाई, आणि खऱ्या कामाचे निरोप वाटेंतच ताटकळत.

असल्या अडचणी नुसत्या कागदांनीं मिटत नाहींत. माणसें समोरासमोर यावीं लागतात. डॅन लिंच या संगणकतज्ज्ञानें हें ओळखलें आणि १९८६ सालीं कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे या समुद्रकांठच्या गांवीं तीन दिवसांची एक कार्यशाळा भरविली. व्याख्याते सुमारें पन्नास संशोधक, आणि श्रोते निरनिराळ्या कंपन्यांकडून आलेले सुमारें अडीचशें जण. आपल्या रचनेंत काय चालतें यासवें काय अद्यापि चालत नाहीं हेंहि शोधकांनीं मोकळेपणानें सांगितलें, याचें कंपन्यांच्या लोकांना मोठें आश्चर्य वाटलें. व्यापारांत अशी कबुली देणारा विरळा ! उलटपक्षीं, प्रयोगशाळेंत कधीं मनांतहि न आलेल्या अडचणी गिऱ्हाइकांच्या कचेऱ्यांत रोज उपटत आहेत, हें ऐकून शोधकांनाहि नवा विषय मिळाला. ज्यानें यंत्र घडविलें आणि ज्याला तें विकावें लागतें, अशा दोघांचा हा संवाद पुढें कित्येक वर्षें टिकला. १९८७ पासून ‘कनेक्शन्स’ नांवाचें एक मासिकहि या मंडळींनीं चालविलें. त्याचे संपादक ओले जेकबसेन हे होत.

सप्टेंबर १९८८ मध्यें याच खटपटींतून इंटरऑप या प्रदर्शनाचा जन्म झाला. परस्परांशीं मिळून काम करणें, हाच त्या नांवाचा अर्थ. एरवींच्या प्रदर्शनांत ज्याला जागेचें भाडें परवडतें तो दुकान मांडतो. येथें मात्र ज्यांचीं यंत्रें ही बोली बऱ्यापैकीं बोलतात अशांनाच बोलावणें होतें. आणि सर्वांनीं आपलीं यंत्रें एकमेकांना जोडून, शिवाय बाहेरच्या इंटरनेटला जोडून, चालवून दाखवावयाचीं होतीं. सुमारें पन्नास कंपन्या या कसोटीस उतरल्या. पाहावयास आले ते नुसते हौशी बघे नव्हते, तर विकत घेणाऱ्या संस्थांचे सुमारें पांच हजार इंजिनिअर. आपलें यंत्र शेजारच्या यंत्राला उत्तर देईना, तर ती फजिती या पांच हजार जाणत्या डोळ्यांसमोर व्हावयाची होती. प्रतिस्पर्ध्याचें यंत्र बंद पडलें म्हणून आनंद मानावा, तर आपलेंहि मुकें ठरणार ! तेव्हां कट्टर प्रतिस्पर्धीहि झटून कामास लागले, आणि जें बोललें गेलें होतें तें चाललें.

पाहणारे इंजिनिअर घरीं परतले ते हा अनुभव गांठीस बांधून. नियम पाळल्याचें प्रशस्तिपत्र पुरेसें नाहीं. दुसऱ्याच्या यंत्राशीं तें बोलतांना दाखवा, असा आग्रह आतां गिऱ्हाइकाला धरतां येऊं लागला. गिऱ्हाइकाच्या हातीं आलेला हा अधिकार त्या मेळाव्यांतील कोणत्याहि नव्या यंत्राहून मोलाचा म्हटला पाहिजे. नियमांच्या कागदांतहि हें व्यवहारज्ञान त्याच सुमारास उतरलें. ऑक्टोबर १९८९ मध्यें रॉबर्ट ब्रेडन यांनीं संपादिलेली एक मोठी नियमावली प्रसिद्ध झाली, आणि तिनें दवंडीचा तंटाहि सोडविला : बोलतांना प्रमाण खूण एकचीच मानावी, ऐकतांना मात्र शून्याची जुनी खूणहि ओळखून घ्यावी. चुकणाऱ्याला वाळींत न टाकतां चूक पसरूं द्यावयाची नाहीं, असा हा शहाणपणाचा तोडगा होता.

याच काळीं ओएसआय नांवाची दुसरी एक बोली आंतरराष्ट्रीय समित्यांनीं घडवीत आणली होती, आणि अनेक सरकारांचा तिला पाठिंबा होता. ऑगस्ट १९९० पासून अमेरिकन सरकारनें आपल्या खात्यांच्या खरेदींत ती सक्तीची केली. तरीहि लोकांनीं निवडली ती आधीं चालवून दाखविलेलीच बोली. वरून आलेला हुकूम आणि हातीं आलेलें चालतें यंत्र, यांच्या सामन्यांत यंत्राची सरशी झाली.

एवढ्या गंभीर मंडळींत थट्टाहि होतीच. १९८९ च्या मेळाव्यांत डॅन लिंच यांनीं जॉन रोमकी या तरुण इंजिनिअराला वचन दिलें कीं, पाव भाजण्याचा टोस्टर जर तूं जाळ्यावर आणलास, तर पुढच्या वर्षीं त्याला प्रदर्शनांत मानाची जागा देऊं. रोमकीनें ऑस्ट्रेलियाच्या सायमन हॅकेट याच्या साहाय्यानें तें खरें करून दाखविलें. १९९० च्या इंटरऑपमध्यें सनबीम कंपनीचा साधा विजेचा टोस्टर इंटरनेटवरून चालूं लागला. त्याला हुकूम देण्यासाठीं, जाळ्यावरील यंत्रांच्या देखरेखीकरितां केलेले एसएनएमपी नांवाचे नियम वापरले होते. हुकूम असा एकच : वीज सुरू करणें. पाव किती खरपूस व्हावा हें, वीज किती वेळ राहते त्यावर ठरे. लोक हंसले, पण जाळें हें केवळ मोठ्या संगणकांचें कुरण नव्हे, स्वयंपाकघरांतील क्षुद्र वस्तूसहि तेथें पत्ता मिळूं शकतो, हें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें. आज दिवे, पंखे आणि कुलुपेंहि त्याच जाळ्यावर येऊन बसलीं आहेत.

त्या टोस्टरांत एक उणीव मात्र राहिली होती. पावाची चकती आंत ठेवावयास माणूस लागे. पुढच्याच वर्षीं, १९९१ सालीं, तेथें एक चिमुकली यारी बसविण्यांत आली. तीहि इंटरनेटवरूनच हालविली जाई; चकती उचलून ती बरोबर टोस्टरांत सोडी.