तळाचा सूर : वादक चरणजित सिंग



गाणें ऐकतांना आपले कान गवयाकडे लागलेले असतात. त्याच्या गळ्याची फिरत, शब्दांची गोडी, तान कोठवर उंच गेली, हें सारें आपण हौसेनें एकमेकांस सांगतों. परंतु त्या गाण्याखालीं एक जाड, गंभीर सूर सारखा चाललेला असतो; तो कोणीं वाजविला, असें विचारणारा श्रोता हजारांत एखादाच. आज ज्यांच्याविषयीं मी बोलणार आहें, त्यांच्या आयुष्यांतील मोठा भाग या तळाच्या सुराच्या सेवेंत गेला. त्यांचें नांव चरणजित सिंग.

हा तळाचा सूर म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. आमच्या देहूरोडच्या परिसरांत पखवाज कोणास ठाऊक नाहीं? भजनाला आरंभ होण्यापूर्वीं पखवाजी डाव्या पुडीवर ओली कणीक थापतो. तेणेंकरून त्या पुडीचा आवाज खालीं उतरतो आणि घुमूं लागतो. ती कणीक खरवडून काढा व भजन तसेंच चालूं ठेवा. अभंग तोच, चाल तीच, टाळही तेच. परंतु गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटेल. पाश्चात्य धर्तीच्या वाद्यवृंदांत हें जमिनीचें काम बेस गिटारीकडे असतें. साध्या गिटारीला सहा तारा. हिला बहुधा चारच, पण जाड, आणि एक सप्तक खालीं लावलेल्या. पूर्वीं हें काम माणसाएवढें उंच असें डबल बेस नांवाचें वाद्य करीत असे. अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं विजेवर चालणारी बेस गिटार बाजारांत आणली आणि पुढें ती जगभर पसरली. ढोल लय दाखवितो, गवई स्वर दाखवितो. बेस वाजविणारा या दोहोंची गांठ बांधून ठेवतो.

चरणजित सिंग हे मुंबईचे वादक. १९६० नंतरच्या दोन दशकांत शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन इत्यादि संगीतकारांच्या वाद्यवृंदांत ते बसत. बेस गिटार, साधी गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड हें अकॉर्डियनच्या जातीचें विजेचें वाद्य, अशीं अनेक वाद्यें त्यांच्या हातांत होतीं. त्या काळीं चित्रपटाचें गाणें मुद्रित करावयाचें म्हणजे पांचपन्नास वादक एकाच दिवाणखान्यांत बसत व एका दमांत सारें गाणें वाजवीत. एकाचें बोट चुकलें कीं सर्वांनीं पुन्हा आरंभ करावयाचा! आणि इतकें करून तबकडीच्या वेष्टनावर नांवें कोणाचीं? चित्रपटाचें, संगीतकाराचें, कवीचें आणि गायकाचें. साथीदारानें मोबदला घ्यावा आणि वाद्य उचलून घरीं जावें, हीच रीत होती. चरणजित सिंगांनीं लोकप्रिय चित्रगीतांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्या स्वतःच्या नांवें काढल्या, आणि स्वतःचा वाद्यवृंद घेऊन ते लग्नसमारंभांतूनहि वाजवीत.

आतां एका यंत्राची गोष्ट सांगतों. १९८१च्या सुमारास जपानच्या रोलंड कंपनीनें ‘टीबी-३०३’ नांवाचें एक लहानसें यंत्र तयार केलें. हेतु असा, कीं एकट्यानें गिटारीचा सराव करणाऱ्यास बेस वाजविणारा जोडीदार मिळाला नाहीं, तर हें यंत्र त्याच्या जागीं साथ करील. म्हणजे आपल्या चरित्रनायकाचीच जागा घेण्यासाठीं तें जन्माला आलें होतें. चरणजित सिंगांनीं काय करावें? तें यंत्र त्यांनीं सिंगापुराहून स्वतःच विकत आणलें! त्याच कंपनीचें ताल धरणारें ‘टीआर-८०८’ आणि सूर काढणारें ‘ज्युपिटर-८’ हींहि त्यांनीं मिळविलीं व तिन्हींची लय एकमेकांस जुळवून घेतली.

त्या दिवसांत चित्रपटांतून डिस्को संगीताचा सुकाळ होता. चरणजित सिंगांनीं योजिलें, कीं ताल डिस्कोचा घ्यावा, तबला बाजूस ठेवावा, आणि वर आपले राग वाजवावे. भैरवी, ललित, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी अशा दहा रागांची ही तबकडी १९८२ सालीं निघाली.

हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. पाश्चात्य पद्धतींत बेस वाजविणाऱ्याचीं बोटें षड्जावरून पंचमावर व पंचमावरून षड्जावर अशीं सहज फिरतात. ती त्यांची नित्याची वाट. परंतु मालकंसांत पंचम वर्ज्य, ललितांतहि पंचम वर्ज्य. तेथें ही पायवाटच बंद! वाजविणाऱ्यास रागाचा धर्म ठाऊक नसेल, तर यंत्र त्याला पहिल्या चार मात्रांतच उघडें पाडील. दुसरें असें, कीं आपल्या रागाचा प्राण मींडेंत असतो. त्या यंत्रांत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. ज्यानें वर्षानुवर्षें तार दाबून हात मुरविला आहे, त्याला तिचें मोल निराळें कळतें.

तबकडी त्या वेळीं खपली नाहीं. तें यंत्रहि चाललें नाहीं. १९८४ सालीं कंपनीनें तें बंद केलें. जुन्या बाजारांत तें स्वस्तांत मिळूं लागलें. शिकागो शहरांतील फ्यूचर नांवाच्या तरुणांच्या मंडळीनें त्याच्या कळा फिरवून एक नवीनच नाद काढला, व १९८७ सालीं त्यांच्या तबकडीपासून ‘ॲसिड हाउस’ नांवाचा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. पुढें २००२ सालीं एका डच संग्राहकास दिल्लीच्या दुकानांत चरणजित सिंगांची ती विसरलेली तबकडी सांपडली आणि २०१० सालीं ती पुन्हा प्रसिद्ध झाली. ऐकणारे थक्क झाले. हाच नाद, आणि शिकागोच्या पांच वर्षें आधीं! कांहींना तर ही कोणीतरी केलेली थट्टाच वाटली. सत्तरी ओलांडलेल्या चरणजित सिंगांना मग युरोपांतून आमंत्रणें आलीं, आणि तेथील तरुणांपुढें त्यांनीं हे राग वाजविले. २०१५ सालच्या जुलै महिन्यांत मुंबईंत त्यांचें निधन झालें.

कांहीं मंडळी आवेशानें म्हणतात, कीं ॲसिड हाउसचा शोध चरणजित सिंगांनींच लावला. मला हें म्हणणें मान्य नाहीं. शिकागोच्या तरुणांनीं त्यांच्या तबकडीवरून धडा घेतला, असें कोठेंहि दिसत नाहीं. दोन दूरच्या गांवीं दोघांनीं एकाच अवजारांतून सारखा नाद काढला, एवढेंच खरें. ‘पहिला कोण’ या शर्यतींत त्यांना धांवडविण्यानें त्यांचा मोठेपणा वाढत नाहीं. तो निराळ्याच ठिकाणीं आहे.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुलांच्या घरीं आज एकच चिंता आहे: उद्यां यंत्र माझी जागा घेईल काय? यंत्रानें कोणाची भाकरी जात नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. वाद्यवृंदांतील पुष्कळ खुर्च्या या विजेच्या वाद्यांनीं खरोखरच रिकाम्या केल्या. तथापि यंत्राला काय वाजवावयास सांगावें, हें यंत्रास ठाऊक नसतें. तें ज्याच्या बोटांत आणि कानांत आधीं मुरलें आहे, त्यालाच ठाऊक असतें. चरणजित सिंगांनीं यंत्राला शिव्या दिल्या नाहींत आणि त्याच्यापुढें हातहि जोडले नाहींत. त्यांनीं त्याला मालकंस शिकविला.

म्हणून तरुण श्रोत्यांस माझें सांगणें इतकेंच, कीं नवें अवजार अवश्य हातीं घ्या, पण आधीं आपली विद्या पक्की करा. आणि इतर सर्व श्रोत्यांस विनंति अशी, कीं यापुढें एखादें आवडतें गाणें लागेल, तेव्हां एक कडवें तरी गवयास सोडून द्या आणि खालचा सूर ऐका. तेथें कोणीतरी आपलें नांव न सांगतां सारें गाणें तोलून धरीत असतो.