परसातली कोंबडी निवडताना

परसात तांदळाच्या कण्या टाकल्या की गावठी कोंबडी सर्वांत आधी धावते. वर्षाला ती 60-70 अंडीच देते, पण खुडूक बसून पिल्लं स्वतः काढते. आकाशात घार फिरू लागली की पंख फुगवून त्यांना पोटाखाली घेते. हा गुण विकत मिळत नाही.

अंडी जास्त हवी असतील तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया उत्तम. वनराजाही तिथलीच, अंडी आणि मांस दोन्हींसाठी. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजही तशीच भारदस्त. मात्र अंगानं जड पक्ष्याला मुंगसापासून पळ काढणं अवघड जातं. रानालगतच्या घरांनी हलकी जातच पाहावी.

मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं काळं मांस चढ्या भावानं विकलं जातं, अंडी मात्र बेताचीच. गिऱ्हाईक आधी ठरलेलं नसेल तर त्याच्या मागे लागू नये.

सुधारित जातींची पिल्लं आईविना घरी येतात. पहिले 4 ते 6 आठवडे त्यांना बल्बची ऊब लागते. सातव्या दिवसाच्या सुमारास राणीखेतची, म्हणजे गावाकडच्या मानमोडीची, लासोटा लस डोळ्यात थेंबानं द्यायची. ही लस चुकली तर अख्खं खुराडं आठवड्यात रिकामं होऊ शकतं.