पेठांचं मैदान



कोल्हापूर म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला कुस्ती आठवते. आठवू द्या. पण त्यानं एकदा साठमारीजवळच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर येऊन दोन पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना बघावा.

हे स्टेडियम आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. तळं बुजवलं गेलं आणि १९६० च्या सुमारास मैदान उभं राहिलं. महादेवाचं देऊळ मात्र शेजारी आहे. हाकेच्या अंतरावर खासबाग हे कुस्तीचं मैदान. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचा आखाडा पाहिला आणि त्याच धर्तीवर १९१२ मध्ये खासबाग पुरं झालं. कुस्ती आणि फुटबॉलचं हे शेजारपण संघांच्या नावांतही दिसतं. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम! हौद्यात घुमणाऱ्या पोरांच्या पायांत संस्थानी काळात चेंडू आला, आणि तालमीनं त्यालाही आपलं म्हटलं. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपलं केएसए, स्थापन झालं आणि या वेडाला शिस्त आली.

शिस्त खेळाला आली, प्रेक्षकांना नाही. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की दुपारपासून पायऱ्या भरायला लागतात. कोण कुठं बसणार हे कुणाला सांगावं लागत नाही. पेठ आपापल्या बाजूला बसते. आजोबा, बाप, नातू एकाच संघाचे. पंचानं शिट्टी उशिरा मारली तर तिन्ही पिढ्या एकदम उठतात. कधी हे प्रेम हाताबाहेर जातं. बाटल्या येतात, दगड येतात, सामना थांबतो, पोलीस मैदानात उतरतात. पेठेची इज्जत राखायच्या नावाखाली तीच घालवायचा हा प्रकार आहे, आणि त्याचं कौतुक मला कधी जमलं नाही.

मधल्या काळात संघांनी आफ्रिकी खेळाडू आणले. तक्रारी झाल्या, पण पेठेनं त्या पोरांनाही खांद्यावर घेतलं. ते कोल्हापूरला शोभलंच.

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पेठांची छाती फुगली. पण अनिकेत घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, हे विसरून कसं चालेल? आपल्याकडे चषकांना तोटा नाही. हंगामात एकामागून एक लागतात, बरेचसे पुढाऱ्यांच्या नावानं. त्यातल्या एका चषकाच्या बक्षिसांत आणि मांडवात जेवढा पैसा जातो, तेवढ्यात बारा वर्षांखालच्या पोरांचे सामने वर्षभर घेता येतील, असा माझा अंदाज आहे. येत्या हंगामात एखाद्या तालमीनं हा हिशेब मांडून बघावा. मैदान आहेच, पोरंही आहेत.