वाक्यांचे प्रकार चुलीपाशी



आमच्या गटाची बैठक म्हणजे बचतीचे हप्ते, पासबुकं आणि व्याजाचा हिशेब. मागच्या महिन्यात हिशेब आटोपल्यावर एक ताई म्हणाल्या, "पोराला वाक्यांचे प्रकार आलेत अभ्यासाला. मला कुठं येतंय ते?" आम्ही बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मग बोलता बोलता ध्यानात आलं, की नावं माहीत नसली तरी ही सगळी वाक्यं आपण दिवसभर बोलतोच.

भाकरीचंच घ्या. "भाकरी झाली." इथं नुसती माहिती सांगितली, म्हणून हे विधानार्थी वाक्य. शेवटी पूर्णविराम. "भाकरी झाली का?" हे प्रश्नार्थी. शेवटी प्रश्नचिन्ह. "अगं बाई, काय टम्म फुगली भाकरी!" मनातला आनंद बाहेर पडला, हे उद्गारार्थी. शेवटी उद्गारचिन्ह. "आजीला भाकरी वाढ." काम सांगितलं, हे आज्ञार्थी. विनंती केली, आशीर्वाद दिला, तरी ते आज्ञार्थीच.

होकार-नकार वेगळा पाहायचा. "भाकरी झाली" हे होकारार्थी, "भाकरी झाली नाही" हे नकारार्थी. "चुलीजवळ जाऊ नकोस" हे तर आज्ञार्थीही आहे आणि नकारार्थीही.

मुलं अडतात ती 'काय' या शब्दावर. 'काय' दिसलं की प्रश्न, असं ती धरून चालतात. "काय करतेस?" हा प्रश्न खरा, पण "काय पाऊस पडला!" हा उद्गार. म्हणून वाक्य मोठ्यानं म्हणायला लावा. आवाज कसा चढतो-उतरतो, ते कानाला लगेच कळतं.

मग आम्ही मुलांना एक खेळ दिला. दिवेलागणीपासून जेवणापर्यंत घरात ऐकलेली वाक्यं वहीत लिहायची आणि पुढे प्रकार लिहायचा. पुढच्या बैठकीत वह्या उघडल्या. ऊठ. पाणी आण. मोबाईल ठेव. गप्प बस. पानभर आज्ञार्थीच! प्रश्न होते ते मुलांचे, आणि त्याखाली आमचं उत्तर, "गप्प बस." आधी आम्ही खूप हसलो, मग कुणीच बोलेना.

कर्जाच्या कागदावर सही करताना "व्याज किती?" एवढं विचारायला आम्हाला किती वर्षं लागली! लहानपणी आमचेही प्रश्न असेच कुणीतरी गप्प केले होते.

तेव्हापासून आम्ही ठरवलंय, मुलाच्या एका तरी प्रश्नाला रोज नीट उत्तर द्यायचं. येत नसेल तर सरळ म्हणायचं, "मला ठाऊक नाही, उद्या बाईंना विचार." हे वाक्य नकारार्थीनं सुरू होतं, पण मुलाचा प्रश्न जिवंत ठेवतं.

तुम्हीही हा वहीचा खेळ घरी खेळून बघा. आणि तुमच्या घरात कोणती वाक्यं जास्त निघाली, ते गटात एकमेकींना जरूर सांगा.