जुन्या ट्रॅक्टरला डायनमोऐवजी अल्टरनेटर

आपल्या खान्देशचे ऊन तुम्हाला सांगायला नको. वैशाखात दुपारी ट्रॅक्टरच्या सीटवर बसवत नाही, म्हणून नांगरट रात्री किंवा भल्या पहाटे करावी लागते. कापसाची ट्रॉली भरून जिनिंगकडे निघायची तर दिवस मावळतोच. रावेर-यावलकडे केळीची वाहतूकही वेळकाळ बघत नाही. म्हणजे ट्रॅक्टरला दिवे हवेतच. आणि जुन्या ट्रॅक्टरचे दुखणे नेमके तिथेच असते. इंजिन हळू झाले की दिवे पिवळे पडतात, सकाळी स्टार्टर फिरत नाही, मग चार माणसे धक्का मारायला बोलवा, नाहीतर ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवा.

महिंद्राचा बी-२७५, झेटर २५११, फोर्ड ३००० अशा जुन्या ट्रॅक्टरांत बहुधा डायनमो असतो. त्याच्या जागी अल्टरनेटर बसवता येतो. तो कसा बसवावा आणि बसवताना काय सांभाळावे, हे आज आपण पाहू.

आधी दोघांतला फरक समजून घ्या. डायनमोत तारेची गुंडाळी फिरते, आणि तयार झालेली सगळी वीज फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवरून कार्बन ब्रशने उचलावी लागते. अल्टरनेटरमध्ये उलटे असते. चुंबक फिरतो, गुंडाळी जागच्या जागी राहते. ब्रशवरून फक्त चुंबकापुरती थोडी वीज जाते, म्हणून ते कमी झिजतात. अल्टरनेटरची वीज उलटसुलट वाहणारी असते. तिला एका दिशेने वळवण्याचे काम आत बसवलेले डायोड करतात. हे डायोड स्वस्त आणि टिकाऊ झाल्यावरच अल्टरनेटर गाड्यांवर आला. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० साली आपल्या व्हॅलियंट मोटारीला तो दिला. आताच्या नव्या ट्रॅक्टरला तोच येतो.

आता हिशेब बघा. पुढचे दोन दिवे ४५ वॅटचे, म्हणजे ९०. मागचा नांगराचा दिवा ३५. ट्रॅक्टर-ट्रॉलीचे मागचे चार छोटे दिवे ५ वॅटचे, म्हणजे २०. एकूण १४५ वॅट. बारा व्होल्टने भागले तर बारा अँपिअर झाले. जुना लहान डायनमो पूर्ण वेगात असताना ११ अँपिअरच्या आसपास देतो, आणि इंजिन हळू असताना जवळजवळ काहीच देत नाही. तूट कोण भरते? बॅटरी. ३५ ते ४५ अँपिअरचा अल्टरनेटर मात्र इंजिन हळू असतानाही दिव्यांपुरती वीज देतो.

पण घाई करू नका. आधी पट्टा सैल आहे का, ब्रश झिजलेत का, बॅटरीचे टर्मिनल पांढरे पडलेत का, हे पाहा. बॅटरीच्या सगळ्या खान्यांत पाणी भरा, हायड्रोमीटर लावा. एक खाना मेलेला असेल तर अल्टरनेटर काय करणार? दिवसाच काम करणाऱ्याचे दुरुस्त डायनमोवरही भागते.

बदलायचे ठरले, तर या गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट बॉडीची. काही जुन्या, विशेषतः विलायती बनावटीच्या ट्रॅक्टरांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असते. अल्टरनेटरला बहुधा मायनस बॉडीला लागते. न बघता जोडले तर डायोड क्षणात जळतात. अशा वेळी बॅटरी फिरवून मायनस बॉडीला द्या आणि अँपिअर मीटरच्या दोन तारा आपसात बदला. दिव्यांना फरक पडत नाही. जुना गुंडाळीवाला स्टार्टरही त्याच दिशेने फिरतो.

दुसरी गोष्ट बसवण्याची. डायनमो काढण्यापूर्वी त्याच्या मागे तासमीटरची केबल आहे का ते पाहा. असेल तर तिची सोय आधी ठरवा. लेथवाल्याकडून जाड पट्टीचा ब्रॅकेट करून घ्या. पातळ पट्टी हादऱ्याने तुटते. पुल्या दोरी धरून एका रेषेत आणा. पुलीची खाच आणि पट्टा एकाच मापाचे असावेत. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच दबावा, जास्त नको.

तिसरी गोष्ट तारांची. डायनमोचा कटआउट आता कामाचा नाही, तो जोडणीतून पूर्ण काढा. अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवरून निदान ६ चौरस मिलिमीटरची तार, मध्ये योग्य फ्यूज घालून, स्टार्टरच्या बॅटरीकडच्या टर्मिनलला न्या. जुना ३० अँपिअरचा मीटर एवढा भार सोसणार नाही, म्हणून ही तार त्यातून नेऊ नका. त्याऐवजी व्होल्टमीटर बसवा.

चौथी गोष्ट छोट्या दिव्याची. अल्टरनेटरच्या बारीक टर्मिनलवरून तार चावीच्या स्विचकडे जाते आणि मध्ये १२ व्होल्टचा दोन-तीन वॅटचा बल्ब असतो. तो शोभेसाठी नाही, बरं का! सुरुवातीला चुंबकाला वीज त्याच्यातूनच मिळते. बल्ब उडाला तर बऱ्याचदा चार्जिंग सुरूच होत नाही. चावी दिल्यावर तो लागावा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझावा.

काम झाल्यावर मीटर लावून पाहा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ, मध्यम वेगात १४ च्या आसपास. दिवे लावूनही १३ च्या खाली उतरू नये. १५ कडे जात असेल तर लगेच इंजिन बंद करा, नाहीतर बॅटरीचे पाणी उकळेल.

पुढे दोन पथ्ये कायम पाळा. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नका. डायनमोच्या काळातली ही सवय अल्टरनेटरला मारते. आणि ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवा.

शेवटी एकच सांगणे. हा खर्च केवळ सकाळी धक्का मारावा लागू नये म्हणून नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूरजवळ, किंवा पारोळा-एरंडोल रस्त्यावर रात्री भरलेली ट्रॉली बंद पडली आणि मागचा लाल दिवा नसला, तर वेगात येणाऱ्या ट्रकवाल्याला ती दिसते तेव्हा ब्रेक लावायला वेळ उरलेला नसतो. अल्टरनेटर बसवाल त्याच दिवशी ट्रॉलीचे मागचे दोन्ही लाल दिवे आणि त्यांची तार दुरुस्त करून घ्या, लाल रिफ्लेक्टर लावा, आणि रोज निघताना एकाला मागे उभे करून दिवे लागतात ना, ते विचारा. वीज पुरेशी झाली, आता ती मागच्या दिव्यापर्यंत पोचू द्या.