चुलीचा जाळ आणि भांड्यातली उष्णता
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आपण दुपारी बोलणारच आहोत. त्याआधी थोडं चुलीविषयी. मागे बसलेले भाऊ हसताहेत, हसू द्या. पिकाला पाणी किती लागतं, त्यातलं किती उडून जातं, हा हिशेब आम्ही शेतकीच्या कॉलेजात शिकलो आणि वर्षानुवर्षं गावोगाव सांगत फिरलो. घरच्या भांड्यातून रोज किती पाणी उडतं आणि त्यापायी किती जळण जातं, हे आम्ही कधी विचारलं नाही. मोळी आमच्या डोक्यावर नव्हती ना!

गोष्ट साधी आहे. उघड्या भांड्यातलं पाणी उकळलं की शंभर अंशांवर थांबतं. आपल्या पठारावर तर त्याच्या थोडं खालीच. मग खाली कितीही जाळ घाला, ते आणखी तापत नाही. खदखदणारं वरण आणि मंद बुडबुड्यांचं वरण सारखंच गरम असतं, डाळही साधारण सारख्याच वेळात शिजते. मग जास्तीचा जाळ जातो कुठे? वाफेत.

आकडे ऐका. लिटरभर पाणी 25 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला 75 किलोकॅलरी लागतात. तेच पाणी वाफ करून उडवायला 540. सातपट! साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. म्हणजे लिटरभर पाणी उगाच उडालं की सव्वा किलोच्या वर पऱ्हाटी गेली. गॅसवर तेवढ्यासाठी 70-80 ग्रॅम जातो. टाकी 14.2 किलोची, गुणाकार घरी करा.

भाकरीचं मात्र उलट. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नाही. आधणाच्या पाण्यानं त्यातला स्टार्च फुगतो, तेव्हा कुठे पीठ एकमेकाला धरतं. पाणी कोमट असलं की भाकरी थापताना चिरते. तवा दोनशे अंशांच्या पुढे हवा. पाण्याचे थेंब टाकले की ते गोळ्या होऊन नाचले पाहिजेत. नुसते चुरचुरून आटले तर तवा अजून थंड आहे. थंड तव्यावर भाकरी आधी वाळते, आत वाफ कोंडत नाही, मग फुगणार कशी?

हे सगळं मायबहिणींना कॉलेजात न जाता ठाऊक होतं. वरणाला उकळी आली की भांडं वैलावर सरकवायचं आणि मोठा जाळ भाकरीला द्यायचा, ही त्यांचीच रीत. 2016 पासून उज्ज्वला योजनेत घरोघर शेगडी आली, त्यात धूर गेला हे चांगलंच झालं. पण वैलही गेला. शेगडीची चावी पूर्ण उघडी, भांड्याच्या बाजूनं ज्योत वर, आणि वरणही तसंच, दूधही तसंच. आता वैल चावीत आहे. उकळी आली की चावी बारीक करा, भांड्यावर झाकण ठेवा. ज्योत बुडाच्या बाहेर दिसली तर ती हवा तापवते आहे असं समजा.

कुकरचंही तेच. दाबामुळे आत सुमारे 120 अंश होतात, म्हणून डाळ लवकर शिजते. पहिली शिट्टी झाली की दाब पुरा झाला. त्यानंतर मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजत बसणं म्हणजे वाफ विकत घेऊन छपराला देणं.

टाकी भरायला रोख लागते, आणि आपल्या हाती रोख येते कापूस विकल्यावर. पावसाळ्याच्या तोंडाला टाकी रिकामी, बियाण्याला पैसा हवा, म्हणून पुन्हा पऱ्हाटीवर चूल. त्या पऱ्हाटीच्या गंजीत न फुटलेली बोंडं असतात आणि बोंडांत गुलाबी बोंडअळी. 2017 साली तिनं विदर्भ-मराठवाड्याचा कापूस कसा खाल्ला ते तुम्हाला सांगायला नको. जळण कमी लागलं तर गंज लहान राहील, उरलेली पऱ्हाटी उन्हाळ्यातच बारीक करून कंपोस्टच्या खड्ड्यात घालता येईल.

पुढच्या बैठकीपर्यंत दोन घरांनी एवढं करा. आठ दिवस नेहमीसारखा स्वयंपाक, आठ दिवस झाकण ठेवून आणि जाळ ओढून. जळण रोज तागडीत टाकून वजन वहीत लिहा. वही बाईनं लिहायची, आणि बैठकीत वाचायचीही तिनंच.