शेळ्या कामून नाही बदलल्या?

(जालना येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘रोजचं जगणं, वाचन आणि लेखन’ यावर मी बोलावं असं ठरलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काही लेखिका नाही. मग हिशेब केला तर दिसलं की, गेली बारा वर्षं मी रोज काही ना काही लिहितेच आहे. अर्ज, अहवाल, बैठकीचे वृत्तांत, पोलीस ठाण्यात द्यायच्या तक्रारी. आणि हे सगळं लिखाण दुसऱ्या बायकांच्या आयुष्यांचं आहे. तेव्हा त्याच्याबद्दलच बोलते.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला ‘केस’ लिहायला शिकवलं. नाव बदलायचं, मग वय, शिक्षण, कुटुंब, समस्या, आपण काय केलं, निष्पन्न काय झालं. तक्रारीचंही तसंच. 1983 साली 498 अ आलं, 2005 साली कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमांचे आकडे बदलले, आमचं वाक्य तेच राहिलं: ‘शारीरिक व मानसिक छळ केला.’ बाई सांगत असते, “भाकरी थापत होते, पाठीत लाथ घातली. पीठ सांडलं. तर वरून म्हणला, पीठ कामून सांडलं?” कागदावर उतरतं, ‘अमुक तारखेस मारहाण केली.’ कोर्टाला तारीख लागते, त्याला इलाज नाही. पण त्या पिठाचं कुठं लिहायचं?

मला वाटलं, आपण कथा लिहावी. मंठा तालुक्यातल्या एका गावातल्या बाईची हकीकत मी मोठ्या हौसेनं लिहिली. नाव बदललं, गाव बदललं. एका अंकात ती छापून आली. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही चार जणींना अंक दाखवला. महिन्याभरात तो अंक त्या गावात पोचला. तिच्या दिरानं पारावर बसून तो मोठ्यानं वाचला. तीन शेळ्या, त्यातली एक तुटक्या शिंगाची. ऊसतोडीला गेलेलं असताना मेलेलं लेकरू. घराला लागून असलेली हातपंपाची गल्ली. कुणाची गोष्ट आहे हे शाळेतल्या पोरांनीही ओळखलं.

ती पुढचे तीन महिने बचत गटाच्या बैठकीला आली नाही. मी दोनदा घरी गेले, तर सासूनं दारातूनच परत पाठवलं. चौथ्या महिन्यात ती आली, हप्ता भरला, आणि सगळ्या उठून गेल्यावर मला म्हणाली, “ताई, नाव तेवढं बदललंत. शेळ्या कामून नाही बदलल्या?”

मला उत्तर देता आलं नाही. शेळ्या बदलल्या नाहीत, कारण त्यांच्यामुळे गोष्ट खरी वाटत होती. तिला विचारलंही नव्हतं. नाव बदललं की विचारायची गरज नाही, असंच मी शिकले होते. तिचं पुढचं वाक्य असं होतं: “आता मलाच लिवायला शिकवा. काय झाकायचं ते मला ठाव हाय.”

ती चौथी शिकलेली. पण लग्नानंतर वीस वर्षांत वाचायला काय मिळालं? एस.टी.ची पाटी, रेशन कार्ड, बियाण्याच्या पिशवीवरची अक्षरं. ऊसतोडीवर तेवढंही नाही. म्हणून अक्षर गेलं होतं. गटातल्या आणखी पाच जणी तिच्याबरोबर बसायला लागल्या. नियमित बसलो म्हणाले तर खोटं होईल. कापूस वेचणीला लागला की कुणी येत नाही, दिवाळीनंतर निम्म्या जणी कोयता घेऊन निघून जातात. जून-जुलैत पेरण्या. उरलेल्या दिवसांतल्या दुपारी, तेही पाणी आलेलं नसेल तर.

लिहिण्याआधी आम्ही वाचलं. म्हणजे मी वाचलं, त्यांनी ऐकलं. ताराबाई शिंदे आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या. 1882 साली त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, “घेतलं का कुणी?” मी म्हटलं, टीका खूप झाली, जोतीराव फुल्यांनी मात्र बाजू घेतली. “मग तिनं पुढं काय लिवलं?” त्यांचं दुसरं पुस्तक आलेलं नाही, म्हटल्यावर सगळ्या गप्प झाल्या. मग एक म्हातारी म्हणाली, “घरच्यानं लिवू दिलं नसंल.” तसा पुरावा नाही. पण तिला तेच सुचलं.

म्हाताऱ्या म्हणायच्या, आम्हाला काय लिहिता येतं. त्यांना मी सांगितलं की, हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळख नव्हती. 1951 साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं, कारण घरातल्या मुलांनी कविता उतरवून ठेवल्या होत्या. गिरणी आल्यापासून आपलं जातं मोरीजवळ कपडे धुवायला घातलंय, असं त्यातली एक म्हणाली. जात्याबरोबर तिच्या आठवणीतल्या ओव्याही अर्ध्या झाल्यात. उरलेल्या अर्ध्या तिच्या नातीनं वहीत उतरवून घेतल्या.

बेबीताई कांबळ्यांचं मात्र सगळ्यांना पटलं. फलटणला दुकानाच्या गल्ल्यावर बसून त्या लिहायच्या आणि घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. वीस वर्षं! ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तक म्हणून आलं. आणि त्यात समाजाचं सगळं आहे, पण स्वतः नवऱ्याचा मार खाल्ला ते नाही. ते त्यांनी पुष्कळ वर्षांनी, पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादिका माया पंडित यांना मुलाखतीत सांगितलं. हे वाचून मला पूर्वी वाटायचं, एवढ्या धीट बाईनं हे का गाळलं असेल?

आमच्या गटातली ती जेव्हा पहिलं पान लिहून घेऊन आली, तेव्हाही मला तसंच वाटलं. खरं सांगते, मी वाटच पाहत होते. लेकराबद्दल असेल, नवऱ्याबद्दल असेल. पान उघडलं तर त्यात मारहाण नाही, ऊसतोड नाही, दीर नाही. लहानपणी आईबरोबर जांबसमर्थच्या जत्रेला बैलगाडीतून गेली होती, तिथं घेतलेल्या हिरव्या बांगड्यांबद्दल सबंध पान. वेलांट्या चुकलेल्या. मी विचारलं, “बाकीचं?” तर हसली. म्हणाली, “ते तुमी लिवलं की.”

अजूनही मला ते पान कमीच वाटतं का, असं मी स्वतःला विचारते. कधी कधी वाटतं. चळवळीला ‘बाकीचं’ लागतं, त्याशिवाय अन्याय दिसणार कसा? पण ते सांगायचं की नाही, कधी, किती, हे ठरवायला मी कोण? आता कुणाचंही काही लिहिलं की छापायच्या आधी मी तिला वाचून दाखवते. दोघींनी नाही म्हटलं. ते कागद मी त्यांच्याच हातात दिले. एकीनं फक्त म्हशीचा रंग बदलायला लावला.

वह्या घरी ठेवता येत नाहीत. म्हणून गटाच्या पत्र्याच्या पेटीत, हिशेबाच्या रजिस्टरखाली ठेवतो. किल्ली तिच्याकडे असते. तिची पहिली वही भरली, दुसरी सुरू आहे, आणि त्यातलं मी पहिल्या पानापलीकडे काही वाचलेलं नाही. शाळा सुटताना मुलांच्या वह्यांत कोरी पानं उरतात. तुमच्यापैकी कुणाकडे तशा वह्या असतील तर जाताना माझ्याकडे द्या. दिवाळीआधी मला त्या मंठ्याला न्यायच्यात, नंतर बायका भेटणार नाहीत.